ढगांची विमानमोहीम: विमान आधी की परवानग्या आधी?

पर्जन्यछाया
नमस्कार मंडळी. पुढच्या पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, दख्खनच्या पर्जन्यछायेत ढगांच्या आत शिरून मोजमाप करायचं आमच्या गटात घाटतंय. किंग एअर बी-२०० जातीचं दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं विमान भाड्याने घ्यायचं, पंखांखाली थेंब मोजणारे प्रोब (संवेदक), केबिनमध्ये एरोसोलची (हवेतल्या सूक्ष्म कणांची) उपकरणं, आणि मोजक्या ढगांवर मिठाच्या फ्लेअर (जळताना मिठाचे कण सोडणाऱ्या नळकांड्या) जाळून बीजारोपण (पाऊस वाढावा म्हणून ढगात कण सोडणं). तळ सोलापूर किंवा संभाजीनगर. उड्डाणाचे तास १२० धरले आहेत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेची कायपीक्स ही ढगांच्या अभ्यासाची विमानमोहीम २००९ मध्ये सुरू झाली, २०१८ आणि २०१९ ला तिचा तळ सोलापूर होता, तेच उदाहरण समोर ठेवलंय.

माझं मत असं की विमानाचा करार एकदा झाला की बाकीचं त्याच्या मागे आपोआप येतं. जाणकारांनी क्रम सांगावा, आणि कशाला किती वेळ धरायचा तेही.

घाटमाथा
साफ असहमत. करारात तारखा लिहाव्या लागतात, आणि तारखा तुमच्या हातात नसतात. त्या डीजीसीए (नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं), संरक्षण मंत्रालय आणि विमानतळ प्राधिकरण यांच्या हातात असतात. विमान परदेशी नोंदणीचं असेल किंवा परदेशी शास्त्रज्ञ आत बसणार असतील, तर गृह आणि परराष्ट्र खातंही आलं. विमान येऊन तळावर उभं आणि कागद दिल्लीत, अशी वेळ आली की भाड्याचं मीटर चालू राहतं आणि ढग डोक्यावरून निघून जातात. पावसाळा मुदतवाढ देत नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात उडायचं तर अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात पडायला हवेत. अर्जात विमानाचा प्रकार, नोंदणी, उपकरणांची यादी आणि उड्डाणक्षेत्राचे अक्षांश-रेखांश लागतात. म्हणून विमानाचा प्रकार आधी नक्की करा, पण पैसे अडकवणारा करार परवानगीच्या अटीवरच सही करा.

रनवे_०९
घाटमाथा यांच्याशी सहमत, त्यात एक भर. मोठी परवानगी हातात आली म्हणजे उडता येतं असं नाही. रोजच्या प्रत्येक उड्डाणाला फ्लाइट प्लॅन भरून एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) नंबर आणि हवाईदलाकडून एडीसी (हवाई संरक्षण मंजुरीचा) नंबर घ्यावा लागतो. एडीसीला वेळेची मर्यादा असते, उशीर झाला की पुन्हा मागा. प्रवासी विमान अ पासून ब ला जातं. तुम्ही ढगाभोवती घिरट्या घालणार, दर हजार फुटांना उंची बदलणार, मध्येच म्हणणार की पलीकडचा ढग जास्त चांगला वाटतोय. हे मार्ग म्हणून लिहिताच येत नाही.

उपाय असा: क्षेत्राचे चौकोनी तुकडे पाडा, प्रत्येकाला साधं नाव द्या (उत्तर-१, पूर्व-२ वगैरे), चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आणि तळ-माथ्याची उंची लिहा, आणि एटीसीशी (हवाई वाहतूक नियंत्रणाशी) आधीच लेखी करार करा. मग हवेत फक्त "पूर्व-२ हवाय, ८ ते १८ हजार" एवढं म्हणायचं. सोलापूर मुंबईच्या एफआयआरमध्ये (नियंत्रणाच्या हवाई हद्दीत) येतं, हैदराबाद चेन्नईच्या. पूर्वेकडचा ढग पकडायला गेलात की मध्येच मालक बदलतो, म्हणून करार दोघांशीही हवा. शिवाय बिदरला हवाईदलाचा प्रशिक्षणतळ आहे. त्यांच्या सरावाच्या वेळा रोज सकाळी फोन करून विचारायच्या, हे काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा.

टॉर्क
कागदांचं झालं, आता वजनाचं बोलू. किंग एअर बी-२०० चं कमाल उड्डाणवजन १२,५०० पौंड, म्हणजे ५,६७० किलो. टाक्या पूर्ण भरल्या तर सुमारे २,०६० लिटर, म्हणजे साधारण १,६५० किलो इंधन.

हिशोबापुरतं रिकामं विमान ३,७०० किलो धरा. रॅक, प्रोब, त्यांचे पायलॉन (पंखाखालचे आधार), इन्व्हर्टर, वायरिंग मिळून ३५०. दोन वैमानिक आणि दोन शास्त्रज्ञ ३४०. फ्लेअर आणि त्यांचे रॅक ६०. झाले ४,४५०. उरले १,२२० किलो, तेवढंच इंधन. टाकीत जागा आहे पण भरता येत नाही. त्यातून पर्यायी विमानतळ (सोलापूरहून हैदराबाद धरा), राखीव अर्धा तास आणि थोडी वरकड असे ४०० किलो वजा करा. राहिले ८२०. खालच्या उंचीवर ताशी ३०० किलोच्या आसपास जळतं. म्हणजे कामाचे तास पावणेतीनच्या आत, टाक्या काही म्हणोत.

प्रत्यक्ष आकडे तुमच्या विमानाच्या वजनपत्रकातून घ्या. आणि प्रोब बसवल्यावर विमान पुन्हा काट्यावर चढवा. वायरिंगचं वजन कागदावर नेहमी कमी धरलेलं असतं.

क्युम्युलस
टॉर्क यांचा हिशोब छापून भिंतीला लावण्यासारखा आहे. वाखू (वाचनखूण) साठवली.

टॉर्क
धन्यवाद. तापमान राहिलंच. सोलापूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटरवर. ऑगस्टात दुपारी ऊन पडलं आणि पारा ३२ ला गेला, की विमानाला ती जागा ४,००० फुटांवर असल्यासारखी वाटते. इंजिनचा जोर, प्रोपेलरची पकड, पंखाची उचल, तिन्ही कमी. त्यात ओली धावपट्टी. त्यामुळे कधी कधी कमाल वजनाच्याही आधी धावपट्टीची लांबी आडवी येते. ३०, ३२ आणि ३५ अंशांसाठी किती वजन उचलता येईल याचा तक्ता आधीच करून ठेवा. तो रोज दुपारी बारा वाजता शोधत बसायची गोष्ट नाही.

पर्जन्यछाया
म्हणजे १२० तासांत चाळीसेक उड्डाणं हा आमचा अंदाज चुकीचा ठरतोय का?

क्युम्युलस
चुकीचाच. १२० तासांतले सगळे ढगांसाठी नसतात. विमान तळावर आणणं-नेणं १० तास. उपकरणं बसल्यावरची चाचणी आणि कॅलिब्रेशन (मापं अचूक जुळवणं) १२ तास. वाऱ्याचा प्रोब असेल तर निरभ्र, शांत हवेत एकाच रेषेवर उलटसुलट फेऱ्या, चौकोनी घिरट्या, नाक वर-खाली आणि डावं-उजवं करण्याच्या हालचाली कराव्याच लागतात. नाहीतर उभ्या वाऱ्याचा आकडा विमानाच्या हालचालीचाच निघतो. तांत्रिक कारणाने अर्ध्यातून परतणं वगैरेसाठी १५ टक्के, म्हणजे १८. उरले ८०. पावणेतीन तासांचं एक उड्डाण धरलं तर २९. अहवालात २९ लिहा आणि २५ पदरात पडली तर मोहीम उत्तम झाली समजा.

रनवे_०९
आणि मेंटेनन्स? बी-२०० ला दर २०० तासांनी फेज इन्स्पेक्शन (ठरलेली मोठी तपासणी) येतं. विमान १५० तास उडून तुमच्याकडे आलं तर ऐन ऑगस्टात ते हँगरात. करारातच लिहा की फेज नुकतं उरकलेलं विमान पाठवावं, आणि टायर, ब्रेक, बॅटरी, इग्नायटर हे सुटे भाग सोबत द्यावेत.

पेट्रोमॅक्स
बीजारोपण म्हणताय, तर फ्लेअरकडे नीट बघा. त्या स्फोटकांच्या वर्गात मोडतात. आयात, वाहतूक आणि साठवण या तिन्हींसाठी पेसोची (स्फोटकं आणि पेट्रोलियम सुरक्षेच्या केंद्रीय खात्याची) परवानगी लागते. पेसोचं मुख्यालय नागपुरातच आहे, तेव्हा प्रत्यक्ष जाऊन साठवणीच्या जागेचा नकाशा दाखवून बोला, पत्रव्यवहाराच्या फेऱ्या वाचतात. गोदाम परवानाधारक हवं, इंधनाच्या साठ्यापासून आणि वस्तीपासून ठरवलेल्या अंतरावर. विमानतळाच्या आवारात अशी जागा मिळेलच असं धरू नका. बाहेर मिळाली तर रोजच्या वाहतुकीसाठी वेगळी गाडी आणि वेगळा कागद.

पंखावर फ्लेअर चढवायच्या त्या इंधन भरून झाल्यावर, कधीही भरताना नाही. चढवण्याआधी रॅकच्या प्रत्येक संपर्कावर मल्टिमीटर लावून भटका व्होल्टेज नाही ना ते तपासा. फायरिंग स्विचची किल्ली फ्लेअर चढवणाऱ्याच्या खिशात, कॉकपिटमध्ये नाही. मोबाइल आणि वॉकीटॉकी लांब. पेटली नाही ती फ्लेअर उतरल्यावर लगेच काढायची नाही. उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबायचं, मग काढून वेगळ्या पेटीत.

भुईनळा
पेट्रोमॅक्स आणि फ्लेअर, जोडी छान जमली :)
अवांतर: मुळात बीजारोपणाने पाऊस वाढतो का, हे सिद्ध झालंय?

क्युम्युलस
अवांतर नाही, नियोजनाशी थेट संबंध आहे. सोलापूरच्या २०१८-१९ च्या प्रयोगात २७६ ढगांवर काम झालं. निकालात १०० चौरस किमी क्षेत्रात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस, काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. हे आकडे मोलाचे ठरले ते यादृच्छिक निवडीमुळे. योग्य ढग सापडला की बीज टाकायचं की नाही हे माणसाने ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरवायचं. न टाकलेल्या ढगांशीच तुलना होते.

लॉजिस्टिक्सच्या दृष्टीने याचा अर्थ असा की बरीच उड्डाणं फ्लेअर न जाळता परत येणार. पंखावरची प्रत्येक न जळलेली फ्लेअर काढायची, मोजायची, गोदामात नोंदवायची. चिठ्ठ्यांचे बंद लिफाफे अनुक्रमाने लावून, ज्याचा ढग निवडीशी संबंध नाही अशा जमिनीवरच्या माणसाकडे द्या. ढग निकषात बसला असं विमानातून आधी नोंदवायचं, वेळ लिहायची, मग लिफाफा फोडायचा. हा क्रम एकदा जरी उलटा झाला तरी सांख्यिकी तज्ज्ञ तो ढग फेकून देतात.

घाटमाथा
परवान्यांच्या यादीत आणखी काही, जे हमखास उशिरा आठवतात.

एरोसोलचा आकार मोजणाऱ्या यंत्रात बहुधा किरणोत्सारी स्रोत असतो, क्रिप्टॉन-८५ किंवा पोलोनियम-२१०. त्याला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी. एक्स-रे जातीचा पर्याय असला तरी त्यांना विचारूनच. पोलोनियमचं अर्धायुष्य १३८ दिवस, म्हणजे परवानगीची वाट बघेपर्यंत स्रोतच निम्मा उरलेला.

परदेशी विमानात इरिडियमचा उपग्रह संपर्क बसवलेला असतो. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो चालू करता येत नाही. परवानगी नसेल तर खोका काढून ठेवा किंवा सील करा, आणि रडारचं चित्र विमानात पोचवायचा दुसरा मार्ग ठरवा.

कॅलिब्रेशन गॅसची परदेशी सिलिंडरंही पेसोच्या कक्षेत येतात. ती इथे पुन्हा भरूनही मिळत नाहीत. भारतीय पुरवठादाराकडून प्रमाणित मिश्रण मागवा आणि दोन महिने धरा.

सुई_दोरा
तात्पुरत्या आयातीबद्दल. कस्टम्सच्या यादीत प्रत्येक खोक्याचा सिरियल नंबर लिहिलेला असतो आणि त्याच नंबराने तो बाहेर जावा लागतो. मोहिमेच्या मध्यात प्रोबचा लेझर बिघडला आणि कंपनीने दुसरं युनिट पाठवलं, की आत आलेला आणि बाहेर जाणारा नंबर जुळत नाही. मग पूर्ण शुल्क, नाहीतर महिनोन् महिने पत्रं. म्हणून सुट्या युनिटांचे नंबर पहिल्याच यादीत घाला, लागोत न लागोत. प्रत्येक खोक्याचा आणि नंबरपट्टीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

क्युम्युलस
उपकरणांची पावसाळी दुखणी कुणीच सांगितली नाहीत.

सीपीसी या कण मोजणाऱ्या यंत्रात ब्युटानॉल हे अल्कोहोल लागतं. ते हवेतली वाफ ओढून घेतं, पावसाळ्यात तर भराभर, आणि आकडे हळूहळू खाली सरकतात. कुणाला कळत नाही, कारण यंत्र बंद पडत नाही. ठरावीक उड्डाणांनंतर काढून नवीन भरायचं. ज्वलनशील आहे, विमानप्रवासात सामानातून नेता येत नाही. पुण्यात प्रयोगशाळेच्या दर्जाचं विकत मिळतं, तिथून रस्त्याने आणा.

दुसरं म्हणजे ढगाच्या प्रोबची काच. विमान १८ हजार फुटांवर, शून्य अंशाच्या आसपास, तासभर राहतं. मग उतरताना अडीच हजार फुटांवरच्या दमट हवेत शिरतं. थंड काचेवर क्षणात दव. त्या दवासकट मोजलेले थेंब आकाराने भलतेच दिसतात. म्हणून प्रोबचे हीटर उतरतानाही चालू ठेवायचे, जमिनीवर वैमानिक सांगतील तेव्हाच बंद. डब्यातली सिलिका जेलची पुडी रोज संध्याकाळी बघायची, निळीची गुलाबी झाली की बदलायची. आकाराचं कॅलिब्रेशन काचेच्या मण्यांनी, दर आठवड्याला आणि काच पुसल्यावर दर वेळी.

रनवे_०९
आणि कुंभारीण माशी! उघड्यावर उभ्या विमानाच्या पिटो नळीत (वेग मोजणारी नळी), एरोसोलच्या इनलेटमध्ये, स्टॅटिक पोर्टवर (हवेचा दाब घेणारं छिद्र) ती चिखलाचं घर बांधते. एवढ्याशा गोळीने वेगमापक खोटा बोलतो. म्हणून विमान थांबल्या थांबल्या प्रत्येक तोंडावर लाल झालर लावलेलं झाकण. झाकणं मोजून ठेवा, उड्डाणाआधी काढून पेटीत तितकीच आहेत का ते दोघांनी पाहून सही. पिटोचं झाकण राहिलं आणि हीटर लागला तर ते वितळून नळीलाच चिकटतं.

टॉर्क
वीज. बी-२०० ला दोन जनरेटर, प्रत्येकी २८ व्होल्ट, २५० अँपिअर. दोन्ही मिळून १४ किलोवॉट वाटतात, पण एक बंद पडला तर उरलेल्यावर विमानाचं सगळं चालायला हवं. म्हणून संशोधनाची बस (उपकरणांना वीज देणारी वाहिनी) एक जनरेटर जाताच आपोआप तुटेल अशीच जोडणी मंजूर होते. ढगात शिरल्यावर प्रोबचे, पंखांचे, प्रोपेलरचे हीटर एकदम लागतात. विजेची बेरीज त्या क्षणाची करा, टेबलावरची नको.

उपकरणांना उड्डाणाआधी तासभर तापायला लागतं, ते ग्राउंड पॉवरवर. छोट्या विमानतळावर २८ व्होल्टचं युनिट नसलं तर स्वतःचं आणावं लागतं. इंजिन सुरू करून ग्राउंड पॉवर काढताना एक झटका येतो आणि डेटा कॉम्प्युटर रीस्टार्ट होतात, म्हणून मध्ये छोटा यूपीएस. त्यानंतर घड्याळं पुन्हा जीपीएसशी जुळली का ते बघूनच टॅक्सी (विमान धावपट्टीकडे नेणं). सगळ्या नोंदी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत). विमान यूटीसीत, रडार यूटीसीत आणि वहीतली टिपणं भारतीय वेळेत असली की साडेपाच तासांचा गोंधळ थेट विश्लेषणात उतरतो.

पर्जन्यछाया
खूपच मोलाची माहिती. तळाबद्दल सांगाल का? पुणे का नको, असं गटात दोघे विचारतात.

घाटमाथा
लोहगाव हवाईदलाचा तळ आहे, धावपट्टी प्रवासी विमानांबरोबर वाटून घेतलेली. ढग वाढतात दुपारी एक ते सहा, आणि तुम्हाला तेव्हा अर्ध्या तासाच्या सूचनेवर निघायचं असतं. तिथे ते अवघड. सोलापूरची धावपट्टी त्यामानाने मोकळी, पर्जन्यछायेच्या मध्यावर, आणि २०१८-१९ च्या मोहिमेत सी-बँड हवामान रडारही तिथेच होतं. संभाजीनगरला सोयी जास्त, रात्री उतरण्याचीही. लहान विमानतळाचे वॉच अवर्स (कामकाजाच्या वेळा) लेखी घ्या आणि वाढीव वेळेचं शुल्क बजेटमध्ये धरा. सूर्यास्ताला धावपट्टी बंद होणार असेल तर साडेतीननंतर निघालेलं उड्डाण आखूडच होतं.

इंधनाचा बाउझर (टँकर) रोज लागणार असेल तर तेल कंपनीशी आधी करार करा. पावसात उघड्यावर भरताना इंधनात पाणी नाही ना, हे पाणी ओळखणाऱ्या कॅप्सूलने दर वेळी तपासा.

भुईनळा
रडारवर ढग दिसला की विमान पाठवायचं, एवढं सोपं नाही ना?

क्युम्युलस
नाही. रडारचं एक पूर्ण चित्र व्हायला आणि पोचायला दहा मिनिटं धरा. ढग सेकंदाला दहा मीटरने सरकत असेल तर तोवर सहा किलोमीटर पुढे गेलेला असतो. आणि रडारला थेंब मोठे झाल्यावरच दिसतं, तर बीजारोपणाला वाढता तरुण ढग हवा. म्हणून विमान आधीच वर घिरट्या घालत असावं लागतं. विजा चमकणाऱ्या गडगडाटी ढगापासून किमान २० सागरी मैल दूर राहायचं, त्यात शिरायचं नाही. यावर विमानातला वैमानिक म्हणेल तेच अंतिम, प्रमुख शास्त्रज्ञाचंही चालत नाही. हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर बोलून घ्या.

आदल्या संध्याकाळी सहाला आराखडा, सकाळी नऊला हवामानाची बैठक, निघायच्या अडीच तास आधी हो की नाही. वैमानिकांचे ड्युटीचे तास मोजणारा वेगळा माणूस ठेवा, आणि आठवड्यातून एक सक्तीची सुट्टी, ढग कितीही सुंदर असले तरी.

सुई_दोरा
तुलनेसाठी: २०१६ चा मान्सूनच्या अभ्यासाचा इन्कंपास प्रयोग. ब्रिटिशांचं बीएई-१४६ विमान लखनौ आणि बेंगळूरु अशा दोन तळांवरून उडालं, म्हणजे सामानाचा संसारही दोनदा मांडायचा. उलट इस्रो-नासाच्या एविरिस-एनजी या विमानातून जमिनीचं चित्रण करणाऱ्या मोहिमेला २०१५-१६ च्या हिवाळ्यात ५७ ठिकाणं निरभ्र हवी होती. त्यांना ढग नको, तुम्हाला ढगच हवा. त्यामुळे दुसऱ्याचं वेळापत्रक उचलू नका, फक्त त्यांची कागदांची यादी उचला.

पर्जन्यछाया
सगळ्यांचे आभार. माझं मूळ मत मागे घेतो. आता क्रम असा लावलाय: सप्टेंबरात विमानाचा प्रकार आणि क्षेत्राचे चौकोन ठरवून मोठ्या परवानग्यांचे अर्ज. त्याच महिन्यात पेसो आणि एईआरबी. डिसेंबरात परवानगीच्या अटीवर विमानाचा करार. फेब्रुवारीत आयात. एप्रिलमध्ये उपकरणं बसवून वजन. मेमध्ये चाचणी उड्डाणं. जूनमध्ये एटीसी आणि बिदरशी करार, मग तळावर.

टॉर्क
दोन बदल. पंखाखालच्या पायलॉनला तुमच्या विमानासाठी मंजूर आराखडा आहे का, हे डिसेंबरच्या कराराआधी विचारा. नसेल तर नवीन मंजुरीला लागणारा वेळ तुमच्या अख्ख्या वेळापत्रकाहून मोठा असू शकतो. आणि चाचणी मेमध्ये ठेवलीत हे चांगलं, पण ती पुण्याच्या किंवा हैदराबादच्या आसपास करा, जिथे इंजिनिअर आणि सुटे भाग हाताशी आहेत.

रनवे_०९
तिसरा बदल: एटीसीशी करार जूनमध्ये नको, मार्चमध्ये मसुदा द्या. मुंबई आणि चेन्नई दोन्हीकडून दुरुस्त्या येतात आणि एकाने सुचवलेली दुरुस्ती दुसऱ्याला पुन्हा दाखवावी लागते. चौकोनांचे कोपरे एकदा ठरले की हलवू नका, नाहीतर संरक्षण मंत्रालयाच्या अर्जातले आकडेही बदलावे लागतील.

पर्जन्यछाया
पायलॉनचं उद्याच विचारतो. चौकोनांचा नकाशा तयार झाला की याच धाग्यावर टाकतो, बिदरच्या बाजूची हद्द रनवे_०९ यांनी बघून द्यावी ही विनंती.

रनवे_०९
टाका. उंची फुटांत आणि अंतरं सागरी मैलांत लिहा, म्हणजे एटीसीला तोच नकाशा देता येईल.